जग सुधारण्याच्या गप्पा आणि त्यांचा खर्च

आमच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मंडळाची एक संवादमाला नागपुरात चालते आणि तिच्या संयोजनाचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. एखादा कलावंत, एखादी कार्यकर्ती किंवा बाहेर जाऊन मोठा झालेला आमचाच एखादा माजी विद्यार्थी यांना बोलवायचे, दीड-दोन तास प्रश्न विचारायचे आणि उरलेले तर्री-पोह्यांवर बोलायचे, असे तिचे साधे स्वरूप आहे. पाहुणे बदलतात, विषय मात्र एकच राहतो : आपल्या भोवतालचे जग आहे त्यापेक्षा बरे कसे करता येईल. मी व्यवसायाने सनदी लेखापाल असल्यामुळे कोणत्याही पाहुण्याला पहिला प्रश्न खर्चाचा विचारतो आणि मंडळातील मित्र त्यावरून माझी थट्टा करतात. हे टिपण त्या थट्टेचे लेखी उत्तर आहे.

इतक्या बैठका ऐकल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे. जग सुधारण्याविषयीची चर्चा जितकी प्रेरणादायी होते, तितकी ती निरुपयोगी होत जाते. वक्त्याने संघर्षाची कहाणी सांगावी, श्रोत्यांनी डोळे पुसावेत, टाळ्या वाजवाव्यात आणि आपल्या हातून काहीतरी घडले अशा समाधानात घरी जावे, हा प्रकार मी पुष्कळदा पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी त्या वक्त्याच्या कामात एका रुपयाची किंवा एका तासाचीही भर पडलेली नसते. याउलट ज्या बैठकीत भाड्याचे, पगाराचे, परवानगीचे, फसलेल्या प्रयोगाचे आणि बैठकीला न आलेल्या माणसांचे बोलणे निघते, ती रटाळ वाटते, काही जण मोबाइल काढून बसतात, आणि तरीही पुढे काही घडलेच तर ते अशाच बैठकीतून घडते.

विदर्भात याची साक्ष काढायला फार लांब जावे लागत नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून गेलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे उदाहरण आमच्या बैठकांत वारंवार येते, पण ते बहुधा त्यागाची कथा म्हणून येते : अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ साली गडचिरोलीत जाऊन ‘सर्च’ ही संस्था काढली. मला त्या कथेतील वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. आदिवासी माणसे दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे अशी होती, की मोठ्या इमारतींची भीती वाटते, रुग्णाजवळ नातेवाइकांना राहू देत नाहीत, आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आमच्याकडे तर पांढरे कापड प्रेताला गुंडाळतात. ही उत्तरे ऐकून समजूत घालण्याऐवजी त्यांनी दवाखानाच वेगळा बांधला. तो आदिवासी वस्तीसारखा दिसतो, तेथे रुग्णासोबत घरच्यांना राहता येते आणि त्याला त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे, नाव आहे. एका संवादाचे रूपांतर भिंतींत, छपरांत आणि नावाच्या पाटीत झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

पुढची गोष्टही अशीच आहे. स्त्रियांच्या आजारांविषयी दोन गावांत केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक विकार असल्याचे आढळले आणि तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बायकांशी बोलल्याशिवाय, आणि बोलण्याइतका विश्वास मिळवल्याशिवाय, हा आकडा कोणाच्याही वहीत आला नसता. नवजात बालकांच्या मृत्यूंवरचे काम ३९ गावांत झाले. गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून घरीच बाळाची देखभाल केल्याने मृत्युदर अर्ध्याहून खाली आला, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांचा उपयोग पुढे देशाच्या आरोग्य धोरणातही झाला. हे सगळे प्रेरणादायी आहेच, कोण नाही म्हणतो! पण आमच्या सभागृहातला तरुण डॉक्टर हे ऐकून जेव्हा विचारतो, की आरोग्यदूताला मानधन किती, ते कोण देते आणि तिने चूक केली तर जबाबदारी कोणाची, तेव्हा माझ्या मते खरी बैठक सुरू होते.

बैठक कशी चालवावी, हे मात्र मी डॉक्टरांपेक्षा एका गावाकडून शिकलो. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली, आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवून देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते गणले गेले. गावाचे नेते देवाजी तोफा आणि गावासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या संदर्भात सर्वांना माहीत असतात. मेंढ्यातील ‘अभ्यासगट’ मात्र शहरात फारसा कोणाला माहीत नसतो. गावाने दोन बैठका वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, कायदा वाचावा, वाद घालावा, पण तेथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत व्हायचा, आणि तोही बहुमताने होत नाही, सर्वांच्या संमतीने होतो. एकाची जरी हरकत असली तरी विषय थांबतो.

शहरी माणसाला ही पद्धत वेळखाऊ वाटते. मलाही ती वेळखाऊच वाटते, पण तिचा हिशेब मांडला तर फायदा स्पष्ट दिसतो. ज्या बैठकीत निर्णय होणार नाही हे आधीच ठरलेले असते, तेथे कोणाला जिंकायचे नसते, त्यामुळे माणसे आपल्या मनातली शंका बोलून दाखवतात. बाहेरून आलेला विद्वान सल्ला देऊ शकतो, परंतु त्याचा सल्ला गावावर लादला जात नाही. आम्ही ही पद्धत उचलली आणि संवादमालेच्या शेवटी ठराव करायचा नाही, असा नियम केला. सुधारणेचे ठराव करण्याची हौस नागपूरला जुनी आहे. शहरात दर हिवाळ्यात विधिमंडळाचे अधिवेशन भरते, मोर्चे येतात, निवेदने दिली जातात, आणि आम्हा नागपूरकरांना ठरावाच्या भाषेची इतकी सवय आहे की चार माणसे जमली की पाचवा ‘एकमताने मंजूर’ असे लिहायला घेतो.

ठराव मुळातच वाईट असतो, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण याच शहराने एक उत्तम उदाहरण पाहिले आहे. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि तिला जोडून २० जुलै रोजी दलित महिलांची परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि हजारो स्त्रिया आल्या होत्या. त्या परिषदेत घटस्फोटाच्या अधिकाराची मागणी झाली, बहुपत्नीत्व बंद करण्याची झाली, कामगार स्त्रियांना रजा आणि अपघात झाल्यास भरपाई मिळावी अशी झाली, मुलींसाठी वसतिगृहे काढावीत अशीही झाली. ‘स्त्रियांची उन्नती व्हावी’ असे एक गोलमटोल वाक्य लिहून त्या उठल्या नाहीत. रजा मिळाली की नाही, वसतिगृह निघाले की नाही, हे कोणालाही तपासता येईल अशा त्या मागण्या होत्या, आणि मागणाऱ्या स्त्रिया स्वतः गिरणीत, शेतात आणि घरात तेच भोगत होत्या. ज्याला सोसावे लागते तो बैठकीत असेल तर ठराव जरूर करावा. आमच्यासारख्यांनी दुसऱ्याच्या दुःखावर ठराव करू नयेत, एवढाच माझा मुद्दा आहे.

आता कलावंतांकडे वळतो, कारण त्यांच्याशी झालेल्या संवादांनी माझ्या या लेखापाली शिस्तीला सर्वांत जास्त धक्के दिले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागातून निघणारी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, बाहेरगावच्या वाचकांनी निदान वर्तमानपत्रांत पाहिली असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेल्या या मिरवणुकीत मारबतींसोबत ‘बडगे’ निघतात. हे बांबू, कागद आणि कापडाचे पुतळे त्या वर्षाच्या भ्रष्टाचारावर, महागाईवर, साथीच्या रोगावर किंवा एखाद्या पुढाऱ्यावर बेतलेले असतात, आणि इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत, असा पुकारा करत लोक शेवटी ते जाळून टाकतात. बडगे आणि मूर्ती करणाऱ्या एका ज्येष्ठ कारागिराला आम्ही चितार ओळीतून, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीतून, बोलावले होते. जग सुधारण्यात कलेचे स्थान काय, या आमच्या भारदस्त प्रश्नावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले, की विषय मंडळ ठरवते, आपण त्याला तोंड देतो. आणि पुतळा जळाला म्हणून महागाई जळत नाही, हे जाळणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही ज्याचा राग येतो त्याचे नाव वर्षातून एकदा भर रस्त्यात घेता येते, त्यावर हसता येते आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. कलेच्या सामाजिक बांधिलकीवरची बरीच व्याख्याने मी ऐकली आहेत, पण हे त्यांपैकी कोणत्याही व्याख्यानापेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटले.

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती सांगताना त्यांचा आवाज किंचित चढला होता. स्वच्छतेच्या प्रचारासाठी एका संस्थेने त्यांच्याकडून मोठे चित्र करून मागितले. त्यांनी मजुरी सांगितली तेव्हा समोरच्या माणसाला आश्चर्य वाटले, कारण काम समाजाचे होते. सभागृहातल्या कार्यकर्त्यांनी माना खाली घातल्या, आणि त्या घालायलाच हव्या होत्या. मंडप घालणारा, माइकवाला आणि चहावाला यांना त्याच कार्यक्रमाचे पैसे मिळतात आणि चित्रकाराने मात्र बांधिलकी दाखवावी, या अपेक्षेला मी कोणत्या खात्यात टाकू? तेव्हापासून आमच्या संवादमालेत कलावंत पाहुण्याला मानधन दिल्याशिवाय बोलावले जात नाही आणि ते त्याच दिवशी दिले जाते. रक्कम छोटी असते. मंडळात त्यावर कुरबुर झाली होती, कारण कार्यकर्त्यांना आपण देत नाही मग यांनाच का, असा प्रश्न निघाला. त्याचे उत्तर म्हणून आता कार्यकर्त्यांनाही प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाचे पैसे देतो.

झाडीपट्टीच्या एका नाट्यलेखकाशी झालेला संवाद याहून गुंतागुंतीचा होता. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर रात्रभर चालणारी ही तिकिटावरची रंगभूमी आहे. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे तिचे मोठे केंद्र. आणि २०२३ साली तिचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर पुण्या-मुंबईलाही तिची दखल घ्यावी लागली. हे लेखक दारूबंदीचे समर्थक. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती ज्या आंदोलनातून आली त्याविषयी त्यांना आदर आहे. त्यांनी दारूच्या दुष्परिणामांवर नाटक लिहिले, पण प्रयोगात असे झाले की दारुड्याचे पात्र करणारा नट इतका रंगला की लोक त्याच्याच प्रवेशाला शिट्ट्या वाजवू लागले आणि बायकोच्या रडण्याला कंटाळू लागले. कंपनीच्या मालकाने दारुड्याचे प्रवेश वाढवायला सांगितले, कारण तिकिटे त्यांच्यावर खपत होती. आता हे नाटक दारूच्या बाजूचे झाले की विरुद्ध, असे त्यांनी आम्हालाच विचारले.

सभेत दोन तट पडले. एका कार्यकर्तीने सांगितले, की असे नाटक बंद करावे. लेखकाचे म्हणणे होते, की नाटक बंद पडले तर पन्नास घरांची चूल थंडावते आणि त्या गावात दुसऱ्या कंपनीचे याहून हलके नाटक उभे राहते. मला वाटते, दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर होते, आणि कलेला ‘माध्यम’ समजणाऱ्या आमच्या सगळ्या सुधारकी मंडळींनी ही बैठक ऐकायला हवी होती. प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो; त्याला काय शिकायचे ते तो स्वतः ठरवतो. लेखकाने शेवटी काय केले, हेही सांगतो : त्यांनी दारुड्याचे विनोद तसेच ठेवले आणि त्या विनोदांना सर्वांत मोठ्याने हसणारे एक शेजाऱ्याचे पात्र वाढवले, जे तिसऱ्या अंकात स्वतःची जमीन गमावते. ते पात्र प्रेक्षकांना फारसे आवडत नाही, असेही त्यांनीच सांगितले.

कार्यकर्त्यांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्याकडून मिळालेले शहाणपण एका शब्दात मावते : पोच. झोपडपट्टीतील घरांना मालकी हक्काचे पट्टे मिळावेत म्हणून अनेक वर्षे झटणाऱ्या एका ताईंनी आमच्यासमोर कापडी पिशवीतून एक फाइल काढली. तीत प्रत्येक अर्जाची प्रत, त्यावरचा आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख होती. आमच्यातल्या एका उत्साही माजी विद्यार्थ्याने शहरातील गरिबीवर एक मोबाइल उपयोजन (ॲप) तयार करण्याची कल्पना मांडली, तेव्हा त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, “दादा, ते ठीक आहे, पण साहेबानं अर्ज घेतला नाही तर पोच कोन देईन?” पट्टा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर न करता दोघांच्या नावावर व्हावा, यासाठी त्या घरोघरी जाऊन नवऱ्यांशी बोलतात. ही बोलणी कोणत्याही सभागृहात होत नाहीत आणि त्यांचे छायाचित्रही निघत नाही.

संवाद झालाच नाही तर काय होते, हेही शहराने अलीकडे पाहिले. दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाचे काम सुरू झाले आणि १ जुलै २०२४ रोजी लोकांचा रोष इतका उसळला की शासनाला त्याच दिवशी त्या कामाला स्थगिती द्यावी लागली. कोण बरोबर, कोण चूक हा येथे प्रश्न नाही. ज्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, तेथे कुदळ मारण्यापूर्वी त्या लोकांच्या वारसांना विचारून त्यांचे ऐकायला जेवढा वेळ लागला असता, त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ आणि पैसा नंतर गेला, हे माझ्या धंद्यातला कोणीही सांगेल.

राहिले माजी विद्यार्थी, म्हणजे आम्ही स्वतः. डिसेंबर-जानेवारीत पुण्याहून, बंगळूरहून, अमेरिकेतून मंडळी येतात. झणझणीत सावजी जेवण जेवतात, फुटाळा तलावावर फिरतात, स्नेहमेळाव्यात शिक्षकांच्या पाया पडतात आणि मग म्हणतात, आपल्या महाविद्यालयासाठी काहीतरी करू या. या भावनेची मी चेष्टा करत नाही. नागपूरला देणगीची थोर परंपरा आहे; खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने विद्यापीठाला दिलेल्या संपत्तीतून १९४२ साली त्यांच्या नावाची तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. पण त्यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी पैसा दिला होता, आणि आमच्या मंडळींना प्रवेशद्वार बांधायचे असते. कमान, सभागृह, पाणी थंड करण्याचे यंत्र, अशा ज्या वस्तूंवर नाव कोरता येते त्यांनाच पैसा सहज मिळतो. प्रयोगशाळेतला सहायक निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी माणूस नाही, आणि गोंदिया-गडचिरोलीहून आलेल्या मुलांची शिष्यवृत्ती उशिरा जमा होईपर्यंत खानावळीचे पैसे कोठून भरायचे, याला पाटी लावता येत नाही.

एका बैठकीला आम्ही वक्ता बोलावलाच नाही. वसतिगृहातील काही मुलांना समोर बसवले आणि माजी विद्यार्थ्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही, असे ठरवले. पहिला अर्धा तास फार अवघड गेला. यशस्वी माणसाला सल्ला न देता बसणे जड जाते. मग एका मुलीने सांगितले, की शिष्यवृत्ती येईपर्यंतचे महिने ती रात्रीचे जेवण टाळते, कारण खानावळीत एका वेळेचे पैसे वाचतात. त्यानंतर कोणी कमानीचा विषय काढला नाही. त्या संध्याकाळी जी फिरती ठेव सुरू झाली, तिच्यातून मुलांना खानावळीपुरती बिनव्याजी रक्कम मिळते आणि शिष्यवृत्ती आली की ती मुले परत करतात. हिशेब माझ्याकडे आहे. परतफेड चांगली आहे. काहींची राहिली आहे, आणि राहू द्यावी असे माझे मत आहे, जरी लेखापालाने असे लिहू नये.

पुढच्या संवादाचा विषय नागनदीकाठच्या वस्त्या हा ठरला आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनी, अंबाझरी लेआउट येथील बंगल्यांत जसे पाणी शिरले तसे नदीकाठच्या झोपड्यांतही शिरले. बंगल्यांतले रहिवासी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले; झोपड्यांतल्यांना दहा हजारांची मदत मिळाली की नाही, येथेच बहुतेकांची गोष्ट थांबली. हे दोघे अजून एका सतरंजीवर बसलेले नाहीत. म्हणून या वेळी बैठक रविवारी सकाळी न ठेवता आठवड्यातल्या एका रात्री आठनंतर ठेवली आहे, कारण धुणीभांडी करणाऱ्या बायकांना सकाळी येता येत नाही, आणि ती बंगल्यांकडच्या सभागृहात न घेता वस्तीतल्या समाजभवनात घ्यायची आहे. जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले आमचेच एक माजी विद्यार्थी यायला तयार आहेत, पण नदीच्या पूररेषेचा नकाशा समोर असेल तरच आपण बोलू, असे त्यांनी कळवले आहे. नकाशासाठी अर्ज दिला आहे. तो वेळेत मिळाला नाही तर तारीख पुढे जाईल. नकाशाशिवाय बैठक घ्यायची नाही, यावर या खेपेला मंडळातले थट्टा करणारे मित्रही माझ्या बाजूचे आहेत.